टेनंट हप्ता भरतील, पण नोकरी गेल्यावर?

पत्राचा सारांश असा. वाचक न्यू जर्सीत एडिसनला राहतात, वय ४१, आयटीत आहेत, एच-वन-बी म्हणजे कंपनीने दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर आहेत. ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-वन-फोर्टी अर्ज मंजूर झालाय पण ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही. बायको एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणारी कामाची परवानगी) नोकरी करते, मुलगी दुसरीत आहे, सध्या महिना २,७५० डॉलर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. साठवलेले १,९०,००० डॉलर आहेत. ढोल-ताशा पथकातल्या एका मित्राने २०२१ मध्ये टू-फॅमिली घर, म्हणजे दोन कुटुंबांसाठी दोन वेगळी युनिट असलेलं, घेतलं आणि तो सांगतो की माझा मॉर्गेज टेनंट भरतात, मी खिशातून एक डॉलर घालत नाही. तेव्हापासून यांच्या डोक्यात तेच आहे. एलिझाबेथमध्ये एक घर बघितलंय, मागताहेत ६,८०,०००, खालच्या मजल्याचं भाडं २,२००, वरच्याचं २,३००, शिवाय "फिनिश्ड बेसमेंट, वेगळा दरवाजा" त्याचे १,५००. पुण्याहून वडील म्हणतात सिंहगड रोडचा फ्लॅट विकून थोडे पैसे पाठवतो. बायको म्हणते आधी स्वतःला राहायला घर घे, अंगण असलेलं, चांगली शाळा असलेलं, मग काय ती टेनंटची हौस कर. घरात अबोला आहे. विचारलंय की ऑफर टाकू का, आणि बायकोला कसं पटवू.

नमस्कार,

तुमच्या पत्रातला बराचसा भाग घराबद्दल आहे, किती बेडरूम, किती भाडं, ट्रेन स्टेशन किती लांब वगैरे, पण मी अडकले ते शेवटाकडच्या एका ओळीत. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये आमच्या टीममधल्या चार माणसांची नोकरी गेली, उद्या माझा नंबर लागला तर भाड्याचा तरी आधार पाहिजे. खरं पत्र तेवढंच आहे असं मला वाटतं, बाकीचं सगळं त्यावर रचलेलं. आणि भीती अजिबात खोटी नाहीये, एच-वन-बी वर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, त्यात नवीन कंपनी शोधा नाहीतर स्टेटस बदला नाहीतर सामान बांधा, ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन दहा-दहा वर्षं काढणारी माणसं माझ्या ओळखीत ढिगाने आहेत.

म्हणून या घराला मी एकच प्रश्न विचारणार आहे. ज्या महिन्यात तुमचा पगार थांबेल त्या महिन्यात हे घर तुम्हाला पैसे देईल का मागेल?

तुमचा हिशोब असा आहे की ६,००० भाडं, त्यातून हप्ता आणि टॅक्स गेला की १,५०० हातात. आता माझा हिशोब बघा, आकडे सगळे तुम्ही दिलेलेच आहेत, मी फक्त तुम्ही सोडलेल्या ओळी भरल्या. तुम्ही स्वतः राहणार नसाल तर बँकेच्या भाषेत ही इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी, आणि दोन ते चार युनिटच्या अशा घराला साधारण पंचवीस टक्के डाउन पेमेंट लागतं, म्हणजे १,७०,०००. उरलेलं ५,१०,००० कर्ज, तुम्हाला लेंडरने सांगितलेल्या ७ टक्क्यांनी तीस वर्षांचं, हप्ता साधारण ३,३९० बसतो. प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही लिहिल्याप्रमाणे वर्षाला १३,२००, म्हणजे महिना १,१००. इन्शुरन्स ३५० धरा, पाणी-सांडपाण्याचं बिल बहुतेक ठिकाणी मालकाच्याच गळ्यात असतं ते २०० धरा, जिन्यातला दिवा आणि बर्फ काढणं ७५. घर बारा महिने भरलेलं राहत नाही म्हणून पाच टक्के भाडं रिकाम्या दिवसांसाठी बाजूला, आणि दहा टक्के दुरुस्तीसाठी, त्यात बॉयलर, छत, वॉटर हीटर सगळं आलं, घर शंभर वर्षांचं असेल तर दहा टक्केसुद्धा कमीच आहेत.

बेसमेंटचं भाडं धरून हे सगळं वजा केलं तर हप्ता द्यायच्या आधी ३,३७५ उरतात. आणि हप्ता आहे ३,३९०. म्हणजे सगळं सुरळीत चाललं, तिन्ही टेनंट वेळेवर भाडं देताहेत, तरी हातात भोपळा. बेसमेंट सोडून फक्त दोन मजल्यांचं ४,५०० धरलं तर हप्त्याआधी २,१०० उरतात आणि दर महिन्याला जवळपास १,३०० डॉलर तुमच्या पगारातून घालायचे. वर्षाचे २,१०० गुणिले बारा म्हणजे २५,२००, ते ६,८०,००० च्या घरावर ३.७ टक्के झाले, याला इथले लोक कॅप रेट म्हणतात. सात टक्क्यांनी पैसे उचलून पावणेचार टक्क्यांच्या धंद्यात घालायचे, एवढं सरळ आहे ते.

म्हणजे नोकरी गेली तर आधार म्हणून जे घर घेताय ते उभंच तुमच्या नोकरीवर राहणार आहे. शिवाय १,७०,००० डाउन पेमेंट आणि क्लोजिंगचे, म्हणजे खरेदीच्या कागदपत्रांचे, पंधरा-वीस हजार गेल्यावर बँकेत काय उरतं, काही नाही. लेंडरसुद्धा अशा घराला सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक दाखवा म्हणेल, ते तुम्ही फोर-ओ-वन-के, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले पैसे, दाखवून निभावाल कदाचित, पण साठ दिवसांच्या घड्याळात फोर-ओ-वन-के मोडून बॉयलर बसवणार का तुम्ही?

लोक म्हणतात अहो पण मुद्दल फिटतं ना, घराची किंमत वाढते ना. फिटतं, पहिल्या वर्षी ५,००० च्या आसपास, बाकी सगळं व्याज. किंमत वाढेलही, पण वाढलेली किंमत घर विकल्यावर मिळते, आणि नोकरी गेलेल्या माणसाला घाईत विकावं लागतं. टॅक्स वाचतो हेही तुम्ही लिहिलंय, तर त्याचं असं आहे की बिल्डिंगची किंमत साडेसत्तावीस वर्षांत डेप्रिसिएट करता येते, म्हणजे दरवर्षी थोडी थोडी खर्च म्हणून दाखवता येते, हे खरं, पण त्यातून दिसणारा तोटा पगाराच्या समोर लावायची २५,००० ची सवलत एक लाख उत्पन्नापासून कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. तुमचं दोघांचं मिळून दोन लाख तीस हजार आहे. तोटा पुढच्या वर्षांसाठी साठत राहील, पण यंदाच्या पगारावरचा टॅक्स काही वाचणार नाही.

आता ते बेसमेंट. तुम्ही सहज लिहून गेलाय की घराच्या मागच्या भिंतीवर दोन इलेक्ट्रिक मीटर आहेत. भाडेकरू तीन, मीटर दोन. एजंट लिस्टिंगमध्ये थ्री-फॅमिली लिहीत नाही, "टू-फॅमिली विथ फिनिश्ड बेसमेंट" लिहितो, कारण त्याला माहितीये. तिथे हॉटप्लेट ठेवलेली असेल, छोटं सिंक असेल, ड्राइव्हवेच्या बाजूने दरवाजा असेल, आणि जमिनीलगत एक आडवी खिडकी, ज्यातून आग लागली तर मोठं माणूस बाहेर पडू शकत नाही. टाउनच्या कागदावर ते युनिट नाहीच. बँक त्याचं भाडं धरणार नाही, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, आणि टाउनच्या इन्स्पेक्टरने ते बंद करायला लावलं तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे बाहेर काढलेल्या टेनंटला सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम मालकाने द्यायची, म्हणजे ९,०००. टेनंट आधीच्या मालकाने ठेवलेला होता हे सांगून सुटका नाही, तेव्हा मालक तुम्ही असाल.

पैशाचं सोडा. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा याच एलिझाबेथमध्ये ओकवुड प्लाझा अपार्टमेंटमध्ये पाणी शिरून चार माणसं गेली, आणि ती तळमजल्यावर राहत होती, त्याच रात्री पलीकडे क्वीन्समध्ये बेसमेंटमधली माणसं बुडाली. घराचा फ्लड झोन फेमा या सरकारी आपत्ती खात्याच्या नकाशावर पत्ता टाकून फुकट बघता येतो, आणि मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याने पुराची माहिती लेखी द्यायची असते, तो कागद मागा. भाड्याने देताना तशीच लेखी माहिती टेनंटला तुम्ही द्यायची असते.

मित्राबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. तुम्ही लिहिलंय त्याला सव्वातीन टक्क्यांनी कर्ज मिळालं. तुमचंच ५,१०,००० कर्ज सव्वातीनला घेतलं असतं तर हप्ता २,२२० झाला असता, तुमच्या हप्त्यापेक्षा ११७० ने कमी, महिन्याला. त्याच्या घरातून निघणाऱ्या फायद्यातला मोठा वाटा २०२१ च्या व्याजदराचा आहे, आणि तो दर आता त्याच्याकडे कुलूपबंद आहे, तो तुम्हाला ढोल शिकवू शकतो पण ते नाही देऊ शकत. त्याला एकदा हेही विचारा की रविवारी तालमीला तो मधूनच फोन घेऊन बाहेर का जातो.

कारण "पॅसिव्ह इन्कम" हा शब्द टॅक्सच्या फॉर्मपुरता बरा आहे. हीटिंग मालकाकडे असेल तर १ ऑक्टोबर ते १ मे सकाळी ६ ते रात्री ११ घरात ६८ डिग्री फॅरनहाइट आणि रात्री ६५ डिग्री राहिलं पाहिजे असा इथला नियम आहे. जानेवारीत रात्री दोनला बॉयलर बंद पडला तर फोन तुम्हालाच. १९७८ च्या आधीचं घर असेल तर शिशाच्या रंगाची तपासणी. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ते वेगळ्या व्याजाच्या खात्यात ठेवायचं, टेनंट गेला की तीस दिवसांत हिशोबासकट परत करायचं, आणि आधीच्या मालकाने डिपॉझिट तुमच्याकडे वळतं केलं नसलं तरी टेनंट ते तुमच्याकडेच मागणार, म्हणून क्लोजिंगच्या टेबलावर ते मोजून घ्या. लीज संपलं म्हणून टेनंटला जा म्हणता येत नाही, १९७४ पासूनचा अँटी-इव्हिक्शन कायदा आहे, कायद्याने दिलेल्या कारणांपैकी एखादं लागतं. आणि हो, "टेनंट शक्यतो आपले देसीच ठेवू म्हणजे कटकट नाही" असं लिहिलंय ते पुन्हा कुठे लिहू नका, बोलूही नका. माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा बघून घर देणं-नाकारणं इथे भेदभाव आहे, सेक्शन एटचं, म्हणजे सरकारी भाडे-मदतीचं, व्हाउचर घेऊन आला म्हणून नाकारणंसुद्धा. (आणि आपले देसी टेनंट कटकट करत नाहीत हे तुम्हाला सांगितलं कोणी?)

यात तुमचा व्हिसा आहेच. घर मालकीचं असायला, भाडं घ्यायला एच-वन-बी आड येत नाही, नागरिक असायची गरज नाही. पण तुम्ही स्वतः रोज उठून टेनंट शोधणं, दुरुस्त्या करणं, दोन-तीन घरं चालवणं सुरू केलं तर ते काम धरलं जाऊ शकतं, आणि काम करायची परवानगी तुम्हाला फक्त कंपनीपुरती आहे. लांबून मॅनेजर ठेवायचा तर तो भाड्याच्या आठ-दहा टक्के घेतो, ती ओळ माझ्या वरच्या हिशोबात नाहीच, ती घातली तर अजून साडेचारशे गेले. इमिग्रेशन वकिलाला आधी एकदा विचारा, नंतर नको. आणि खरंच परत पुण्याला जावं लागलं तर टॅक्सच्या हिशोबाने तुम्ही नॉन-रेसिडेंट होता, मग खर्च वजा करून टॅक्स भरायचा पर्याय रीतसर निवडला नाही तर एकूण भाड्यावर सरळ तीस टक्के, आणि घर विकताना विक्रीच्या रकमेच्या पंधरा टक्के कापून ठेवतात, ते रिटर्न भरून सोडवायचे. जमतं हे सगळं, लोक करतात, पण आधार म्हणतात तसं काही ते नाही.

वडिलांच्या पैशाबद्दल मी जरा स्पष्ट बोलते. भारतातून ते वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, प्रश्न तो नाहीये. साध्या कन्व्हेन्शनल कर्जात इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टीच्या डाउन पेमेंटला गिफ्टचे पैसे चालतच नाहीत, स्वतः राहायच्या घराला चालतात. तेव्हा या घरासाठी तो फ्लॅट विकायचा विषय इथेच संपला. आणि संपला नसता तरी मी म्हटलं असतं की ७२ वर्षांच्या माणसाचा एकुलता फ्लॅट एलिझाबेथच्या बेसमेंटखाली गाडू नका.

मेहुण्यांनी सुचवलेली एलएलसी (घर स्वतःच्या नावावर न घेता छोट्या कंपनीच्या नावावर घेणं) पण तूर्त बाजूला ठेवा, एलएलसीच्या नावावर साधं कर्ज मिळत नाही, जे मिळतं ते महाग असतं, आणि स्वतःच्या नावावर घेऊन नंतर गुपचूप एलएलसीला बदलून टाकलं तर कर्जाच्या कागदात पूर्ण रक्कम परत मागायचं कलम असतं. एक-दोन युनिटवाल्याला आधी लायबिलिटी इन्शुरन्स नीट हवा, आणि तो न्यू जर्सीत भाड्याच्या घराला सक्तीचाच आहे.

आता बायकोकडे येऊ. तुम्ही विचारलंय तिला कसं पटवू. मला तर तिचंच म्हणणं तुमच्यापेक्षा पक्कं वाटलं. तिला राहायला घर हवंय, तुम्हाला भाडं यायला हवंय, आणि तुम्ही दोघं असं धरून चाललाय की ही दोन वेगळी घरं आहेत. स्वतः एका मजल्यावर राहून दुसरा भाड्याने द्यायचा, हे तिच्यासमोर मांडलंत का कधी? पत्रात तरी दिसलं नाही.

त्याचं गणित निराळं पडतं. स्वतः राहणार असाल तर नोव्हेंबर २०२३ पासून बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेच्या नियमात दोन ते चार युनिटच्या घरालाही पाच टक्के डाउन पेमेंट चालतं. (एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, साडेतीन टक्के डाउन पेमेंटवालं कर्ज मित्रांकडून ऐकलं असेल, ते मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद झालंय, तेव्हा कोणी एजंट ते दाखवत असेल तर तो जुन्या माहितीवर चाललाय. ग्रीन कार्डवाल्या वाचकांना ते अजून उघडं आहे, फक्त तीन-चार युनिटच्या घराला भाडं हप्त्याला पुरतं का याची वेगळी परीक्षा असते.) याच किमतीचं, कागदावर खरंखुरं टू-फॅमिली घर धरू. पाच टक्के म्हणजे ३४,०००. कर्ज साडेसहा टक्क्यांनी धरलं तर हप्ता ४,०८०, कमी डाउन पेमेंट असेल तर लागणारा कर्जाचा विमा, पीएमआय, ३०० धरा, टॅक्स, इन्शुरन्स, पाणी, दुरुस्ती मिळून अजून २,०५०, एकूण ६,४३० च्या आसपास. वरच्या मजल्याचं भाडं रिकामे दिवस वजा करून २,१८५ आलं तर तुमच्या खिशातून महिना सव्वाचार हजार. आत्ताच्या भाड्यापेक्षा दीड हजार जास्त, हे लपवायचं नाही. पण तेवढ्याच किमतीचं सिंगल-फॅमिली घेतलं असतं तर सहा हजारांच्या वर गेले असते. आणि मुख्य म्हणजे डाउन पेमेंट, क्लोजिंग जाऊन बँकेत १,३८,००० शिल्लक राहतात. वरचा टेनंट पळाला, तुमचा पगार थांबला, दोन्ही एकदम झालं तरी घराचा खर्च दीड वर्षाहून जास्त निघतो. तुम्हाला आधार हवा होता ना, तो हा आहे, बँकेतला. त्यातून हप्ता कमी करायला दहा टक्के डाउन पेमेंट करा कोणी म्हणेल, करा, पण शिल्लक वर्षभराच्या खर्चाखाली जाऊ देऊ नका.

यातही गैरसोयी आहेत. वर टेनंटची मुलं धावणार, तुमच्या मुलीला अंगण अर्धं मिळणार, पार्किंगवरून एकदा तरी वाजणार. किमान एक वर्ष तिथे राहायच्या इराद्यानेच घ्यावं लागतं, कागदावर राहतो म्हणून सही करून लगेच भाड्याने दिलं तर तो मॉर्गेज फ्रॉड आहे, व्हिसावरच्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये. फायदा एक असा की मालक स्वतः राहतोय आणि भाड्याची युनिट दोन किंवा कमी आहेत तर तो अँटी-इव्हिक्शन कायदा तितका घट्ट लागू होत नाही, लीज संपल्यावर रीतसर नोटीस देऊन टेनंटला सांगता येतं.

आणि बायको यालाही नाही म्हणाली, वर-खाली परकी माणसं नकोतच म्हणाली, तर ते नाही आहे. मग साधं घर घ्या नाहीतर अजून दोन वर्षं भाड्याने राहा. भाड्याच्या घरांच्या धंद्यात पैसे असावेत अशी फारच हौस असेल तर अपार्टमेंट चालवणाऱ्या रिट कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांचाही भाव पडतो पण बॉयलरचा फोन तुम्हाला येत नाही. ओहायो-पेनसिल्व्हेनियात घरं स्वस्त आहेत, तिकडे हिशोब जमतो हे खरं, पण ज्या गावात तुम्ही हिवाळ्यात एकदाही गेला नाहीत तिथलं घर फोटो बघून घेऊ नका, आणि तिथल्या मॅनेजरचे दहा टक्के आधी वजा करा.

शोधायचं कसं, हे बाकीच्या वाचकांनीही नेहमी विचारलंय म्हणून जरा सविस्तर. शहर आधी ठरवा, घर नंतर. तुमच्यासाठी मी राहवे, लिंडन, हायलंड पार्क अशा ट्रेनच्या किंवा रटगर्स विद्यापीठाच्या जवळच्या जुन्या गावांकडे बघेन, तिथे टू-फॅमिली घरं आहेत, शाळा बायकोने जाऊन बघाव्यात, वेबसाइटच्या दहापैकी आठ वगैरे आकड्यांवर जाऊ नका. एजंटबरोबर घरं बघायला जायच्या आधी ऑगस्ट २०२४ पासून लेखी करार करावा लागतो, त्यात कमिशन आणि मुदत लिहिलेली असते, सहा महिन्यांचा करू नका, एक-दोन महिन्यांचा करा. लिस्टिंगवर जे दिसतं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे आवडलेल्या दोन-तीन गल्ल्यांत पायी फिरा, दारातल्या मेलबॉक्स आणि भिंतीवरचे मीटर मोजा, संध्याकाळी नऊला जाऊन पार्किंग बघा. म्हातारे मालक, ज्यांची मुलं टेक्सासला गेलीत आणि ज्यांना आता बर्फ काढवत नाही, ते कधीकधी लिस्ट न करता विकतात, आणि हे मंडळातल्या ओळखीपेक्षा तिथल्या न्हाव्याच्या दुकानात, हार्डवेअरवाल्याकडे जास्त कळतं. न्यू जर्सीत घराचा टॅक्स रेकॉर्ड ऑनलाइन फुकट दिसतो, चार कुटुंबांपर्यंतचं घर क्लास टू असतं, पाच किंवा जास्त झाली की फोर-सी अपार्टमेंट आणि मग कर्जही कमर्शियल. पण क्लास टूवर विसंबून राहू नका, सिंगल-फॅमिलीही त्यातच येतं, आणि "मदर-डॉटर" नावाची एक जमात असते जिथे दोन स्वयंपाकघरं असतात पण कागदावर कुटुंब एकच, ते टू-फॅमिली नाही. म्हणून टाउनशिपला ओप्रा रिक्वेस्ट, म्हणजे सरकारी कागद मागायचा अर्ज, टाका, ऑनलाइन फॉर्म असतो, त्या पत्त्याचे सगळे परमिट, सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि कायदेशीर युनिट किती एवढं मागायचं. सात कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. त्याच पत्रात गावात रेंट कंट्रोल, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा, आहे का तेही विचारून घ्या, गावागावाचा नियम वेगळा.

ऑफर स्वीकारली गेली की तीन कामाचे दिवस अटॉर्नी रिव्ह्यूचे असतात, त्यात वकिलाला करार मोडता येतो, तेव्हा वकील आधीच ठरवून ठेवा, एजंटने दिलेला नको. साध्या इन्स्पेक्शनवर चार-सहाशे जास्त गेले तरी सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा टाकून घ्या आणि जमिनीखाली जुनी तेलाची टाकी आहे का ते बघून घ्या. इथल्या जुन्या घरांत ती पुरलेली सापडते, आणि गळकी निघाली तर माती साफ करायचा खर्च डाउन पेमेंटला खाऊन टाकू शकतो. आत टेनंट राहत असतील तर प्रत्येकाकडून सही घ्या की भाडं किती, डिपॉझिट किती, मालकाने तोंडी काय कबूल केलंय, याला एस्टॉपेल लेटर म्हणतात. विकणारा म्हणतो २,३०० आणि वरची बाई सांगते आम्ही १,९०० देतो, हे क्लोजिंगच्या आधी कळलेलं बरं. आणि मालकाचा हिशोब टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल ई या भाड्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मवरून मागा, लिस्टिंगमधला "प्रो-फॉर्मा" हा आकडा म्हणजे नवीन मालकाला किती भाडं मिळू शकेल याचं एजंटचं स्वप्न असतं.

तुम्ही एलिझाबेथच्या घरावर ऑफर टाकू नका. त्याच घराचे मालक बेसमेंट सोडून, फक्त दोन मजल्यांच्या हिशोबाने द्यायला तयार झाले तर किती किमतीला परवडेल हे मी काढून बघितलं, पंचवीस टक्के डाउन पेमेंटने महिन्याचा हिशोब शून्यावर यायला किंमत ४,२०,००० च्या आसपास लागेल, आणि ती किंमत ते घेणार नाहीत, घ्यायलाही नको.

या शनिवारी एजंटबरोबर न जाता बायकोला घेऊन राहवेला जा, स्टेशनजवळ गाडी लावा आणि चालत फिरा, घर बघायचं नाही, नुसतं गाव बघायचं, तिला वरखाली टेनंटसह राहणं कसं वाटेल ते तिथे विचारा. एजंटशी काही सही केली असेल तर तो कागद काढून मुदत किती आणि कुठली शहरं लिहिलीत ते बघा आणि मला कळवा, सहा महिन्यांचा निघाला तर त्यातून कसं सुटायचं ते पुढच्या उत्तरात लिहिते.